काळं वाचायचं, लाल करायचं

तुम्ही काय काम करता, असं कोणी विचारलं की मी पूर्वी मोठ्या तोऱ्यात 'एक्झिक्युटिव्ह असिस्टंट' असं सांगायचे. समोरचा माणूस जरा विचारात पडायचा, मग त्याचा चेहरा उजळायचा. "अच्छा, म्हणजे टायपिंग!" काही जण त्यात चहाही घालायचे. आता मी तोरा सोडला आहे. सरळ सांगते, की मी एका मोठ्या माणसाच्या दाराबाहेर बसते. आत कोण जाणार, कधी जाणार, किती वेळ बसणार आणि बाहेर येताना त्याचं तोंड कसं असणार, हे बरंचसं माझ्या हातात असतं. कंपनी दाराच्या आत चालते असं सगळ्यांना वाटतं. अर्धी कंपनी दाराबाहेर चालते.

हे काम मला मालतीताईंनी शिकवलं. माझ्या आधी त्या खुर्चीवर त्याच बसत. या उन्हाळ्यात ताई गेल्या. त्यांच्या शोकसभेत, भर दुपारी, माइकवरून, त्यांनी मला शिकवलेला सगळ्यात मोठा नियम माझ्या हातून मोडला. तोही असा, की सभागृहातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला. संपादकांनी 'तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा' म्हटलं, तेव्हा मला दुसरं काही आठवेना. म्हणून तेवढंच लिहिते. पण तिथवर जायला थोडं मागून यावं लागेल.

मी मूळची उमरेडची. घरात हातमाग. वडील मागावर बसत, आई कांड्या भरत असे. कॉलेजची पायरी चढलेली मी आमच्या घरातली पहिली. बी.कॉम. झाले तेव्हा वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले. पुढे काय करायचं हे मात्र घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. टायपिंग आणि लघुलेखनाच्या परीक्षा दिल्या, कारण शेजारची एक मुलगी देत होती. मग हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत, शेतीचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत बोलावणं आलं. साहेबांच्या पी.ए.ला मदतनीस हवी होती.

मला वाटलं मुलाखत साहेब घेतील. घेतली ती त्या पी.ए.ने, म्हणजे मालतीताईंनीच. कडक इस्त्रीची सुती साडी, केस घट्ट बांधलेले आणि मनगटावर पुरुषाचं भलंमोठं घड्याळ. पुढे कळलं की त्यांच्या यजमानांचं सीताबर्डीवर घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि ते घड्याळ कोणीतरी दुरुस्तीला टाकून परत न्यायला आलंच नव्हतं.

"टायपिंग येते?"

"येतं."

"शॉर्टहँड?"

"येतं."

"चूप बसता येते?"

मी नुसतीच बघत राहिले.

"ये उद्यापासून," ताई म्हणाल्या.

आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त वापरायचा शब्द म्हणजे 'नाही', आणि तो कधीही उच्चारायचा नाही, ही पहिली शिकवण. दुसरी, खोटं बोलायचं नाही. साहेब आत असताना 'बाहेरगावी गेलेत' असं मी एकदा फोनवर सांगून टाकलं. ताईंनी फोन ठेवू दिला आणि मग म्हणाल्या, "काहून वं, गावाले काहून पाठवलं त्यांले? आता कोणत्या गावाले गेले, कधी येणार, हे तुलेच ध्यानात ठेवा लागन. खोट्याले डोक्यात लय जागा लागते. तुह्याजवळ हाये का एवढी जागा?"

त्यांची स्वतःची पद्धत पाहायची असेल तर पंपकाकांचं उदाहरण द्यावं लागेल. हे एक निवृत्त गृहस्थ. विजेशिवाय, डिझेलशिवाय, माणसाशिवाय चालणारा पंप आपण शोधून काढला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. कापडी पिशवीत नकाशांची गुंडाळी घेऊन ते येत आणि साहेबांनाच भेटायचं म्हणून बसत. ताई त्यांना कधी हाकलत नसत. चहा देत, नकाशा टेबलावर पसरायला लावत आणि एकच प्रश्न विचारत. "काका, मागच्या खेपेला पाणी इथून वर जात होतं. आता इथून कसं काय जाऊन राहिलं?" काका नकाशाकडे बघत, कपाळाला आठ्या पाडत, गुंडाळी करत आणि सुधारणा करायला घरी जात. एकदा जाता जाता मला म्हणाले, "तुमच्या मॅडम नाही म्हणतात तेव्हा मला हो म्हटल्यासारखं वाटतं." ताईंना मिळालेलं यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मला माहीत नाही.

ताईंची एक रजा मात्र कोणी अडवू शकत नसे. त्यांचं माहेर भिवापूरचं. उन्हाळ्यात माहेरून मिरची आली की तिखट करायची रजा. ती संपेपर्यंत साहेब परदेशी पाहुण्यांनाही वेळ देत नसत. दिलीच तर ती वेळ सांभाळणार कोण? रजेवरून ताई आल्या की त्यांच्या पिशवीतून सगळ्या ऑफिससाठी तिखटाच्या पुड्या निघत. साहेबांचीही एक असे. ती साहेब स्वतः हातात धरून गाडीपर्यंत नेत, ड्रायव्हरकडे देत नसत.

आता त्या नियमाकडे येते.

आमचे साहेब माणूस म्हणून चांगले, हिशोबाला पक्के, कामगारांना नावानिशी ओळखणारे. पण लोकांसमोर बोलायचं म्हटलं की त्यांचे हातपाय गार पडत. वडील अचानक वारल्यामुळे तरुणपणीच खुर्चीवर बसावं लागलं. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाल्यावर चार शब्द बोलायचे, तर ते कागदावरून असे वाचत की जणू शेवटची बस सुटते आहे. वाक्य कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं, कोणाला पत्ता लागत नसे. कामगार आपापसांत म्हणत, "साहेबाची एक्स्प्रेस निघाली."

एका वर्षी कामाच्या पाळ्या बदलण्यावरून लोक फाटकाशी येऊन बसले. साहेबांनी निर्णय मागे घेतला होता, फक्त तेवढं सांगायचं होतं. पण त्या एक्स्प्रेसमध्ये ते कोणाला समजणार? कोणी अर्धंच ऐकलं असतं आणि भलतंच पेटलं असतं. ताई भाषण टाइप करत होत्या. त्या वेळच्या टाइपरायटरच्या फितीला वर काळी पट्टी आणि खाली लाल पट्टी असे. बाजूची कळ सरकवली की अक्षर लाल उठे. ताईंनी कळ सरकवली. मजकुराच्या मध्येच लाल अक्षरांत टाइप केलं: 'इथं थांबा. समोरच्यांच्या तोंडाकडं पाहा. कोणी पळून नाही जाऊन राहिलं.'

आत जाऊन कागद दिला आणि म्हणाल्या, "साहेब, काळं वाचायचं, लाल करायचं. बाकी काही डोक्यात आणू नका."

साहेबांनी काळं वाचलं, लाल केलं. लोकांना शब्द न् शब्द समजला. उठून कामाला जाताना एक जुना फिटर म्हणाला, "बापापेक्षा हा विचार करून बोलते गा!"

तेव्हापासून साहेबांच्या प्रत्येक भाषणात लाल ओळी आल्या. टाइपरायटर जाऊन संगणक आला, लाल राहिलं. 'चष्मा काढा. पुसू नका, नुसता काढा.' 'तिसऱ्या रांगेत म्हातारे कामगार बसले असतील, हे वाक्य त्यांच्याकडं पाहून.' 'आताच हसू नका, गंमत पुढच्या ओळीत आहे.' हळूहळू साहेबांचं नाव झालं. शहरातल्या व्यापाऱ्यांच्या कार्यक्रमांना त्यांना आग्रहाने बोलावू लागले. साहेब मध्येच थांबतात, चष्मा काढतात, तेव्हा किती खोल विचार करत असतात, असं एकाने माझ्या देखत म्हटलं. मी चूप बसले. त्यासाठीच मला घेतलं होतं.

मलाही हे सगळं लगेच कळलं नाही. भाषणाचे कागद ताई स्वतः नेत, स्वतः परत आणत आणि फाडून टाकत. बऱ्याच वर्षांनी, निवृत्ती जवळ आल्यावर, त्यांनी मला शेजारी बसवून दाखवलं.

"आता हे तुले करा लागन. साहेबांले एवढंच माहीत हाये का काळं वाचायचं, लाल करायचं. तुले आणखी एक सांगते. लाल हाये हे कोणालेच नाही सांगायचं. साहेबाचं थांबणं साहेबाचंच राहिलं पायजे. ते बाहेर आलं तं साहेबाची लाज गेली, आन् आपली इमानदारी गेली."

"भाऊजींना तरी माहीत आहे ना?" मी विचारलं. ताईंच्या यजमानांना मी भाऊजी म्हणते.

"ह्यांले? ह्यांले मी टायपिंग करते एवढंच माहीत हाये."

आणि ते खरंच होतं. ताईंकडे प्रताप नगरला माझं जाणं-येणं असे. भाऊजी कमी बोलणारे. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून घड्याळांच्या पोटात बघायचं, त्यामुळे असेल. पण ताईंच्या नोकरीवर त्यांचा एक राग होता, आणि ताई स्वयंपाकघरात गेल्या की तो ते माझ्याजवळ काढत. ताई घरातही लाल अक्षरांतच बोलत ना! दुकानावर फोन करून सांगत, "डबा उघडा. आधी भाजी पाहा, मंग तोंड वाकडं करा." लग्नाला निघताना सांगत, "आहेर दिला का हात जोडायचे आन् बाजूले व्हायचं. तिथंच उभं नाही राहायचं." भाऊजी मला म्हणत, "पाहा वनिताबाई, तो साहेब दिवसभर हिच्यावर हुकूम सोडत असन. तो सारा इथं आमच्यावर निघते. बाईमाणसाले एवढं दाबून ठेवते म्हणजे काय माणूस असन तो!" मी चहाच्या कपात बघत राहायचे. खरं सांगितलं असतं तर त्यांच्या मनातला काटा एका क्षणात निघाला असता. पण सांगता येत नव्हतं. ताईच सांगत नव्हत्या, तर मी कोण?

निवृत्तीनंतर ताईंनी सगळं लक्ष नातीकडे वळवलं. मुलगा-सून दोघं नोकरीवर, म्हणून ओवीची शाळा, डबा, नाचाचा क्लास, दातांचा डॉक्टर, सगळं आजीकडे. ओवीला भेटायला तिच्या मैत्रिणी आल्या तर ताई दार उघडून विचारत, "अभ्यासाचं काम हाये का गप्पांचं? गप्पांचं असन तं पाचनंतर या." ओवी आता कॉलेजात आहे. ती अजून म्हणते, की शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत आजीने तिला लिहून दिलेल्या भाषणात 'इथं श्वास घे, मेली नाहीस अजून' असं लिहिलेलं असायचं. रंग कोणता असायचा हे मी तिला विचारलं नाही. मला माहीत होतं.

मग ताईंचं दुखणं निघालं. फार लांबलं नाही, एवढं बरं. दवाखान्यात मी भेटायला गेले की कंपनीची चौकशी करत. एक दिवस म्हणाल्या, "लिहून घे."

मला वाटलं औषधं असतील. त्या स्वतःच्या शोकसभेच्या सूचना सांगत होत्या.

"ताई, असं काय बोलता!"

"तू रडून राहिली का लिहून राहिली? लिही. ह्यांले पहिल्या रांगेत बसवजो, पंख्याखाली. भाषण लांबलं का झोपतात, म्हणून सभा लहान ठेवजो. साहेब बोलतीलच, त्यांले कोणी थांबवू नाही शकत. त्यांचं भाषण तूच लिहिजो. आन् लाल विसरजो नको, नाही तं माझ्या मरणाचीबी एक्स्प्रेस काढतील." दम लागला म्हणून त्या थांबल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "बाकी ते आपल्या दोघींतच."

"हो," मी म्हणाले.

थोड्याच दिवसांनी ताई झोपेत गेल्या. भाऊजी रडले नाहीत. बोललेही नाहीत. सुनेने सांगितलं की जेवायला बसवलं तर जेवतात, उठवलं तर उठतात. दुकान बंदच होतं. सकाळी उठून खुर्चीवर बसत आणि कोणीतरी काही सांगण्याची वाट पाहिल्यासारखे बसून राहत.

सभेच्या आदल्या दिवशी मी भाषण लिहिलं. काळं लिहायला वेळ लागला नाही. लाल लिहायला मात्र रात्र झाली. ताईंच्या निवृत्तीनंतर मी एकदा 'कृपया येथे थोडे थांबावे' असं सभ्य लाल लिहून पाहिलं होतं, तर साहेब म्हणाले होते, "वनिताबाई, हे कोणी लिहिलंय? यात मला काही दम वाटत नाही." त्यांना सवय ताईंच्या धमकावण्याची. म्हणून मी नेहमीच लाल ताईंच्या आवाजात लिहिते. त्या दिवशीही लिहिलं. ताईंच्या मरणाचं भाषण, आणि मध्ये मध्ये ताईच साहेबांना दटावताहेत. लिहिताना मला रडू आलं आणि हसूही.

सभा प्रताप नगरातल्याच एका लहान सभागृहात होती. भाऊजींना पहिल्या रांगेत, पंख्याखाली बसवलं. शेजारी ओवी. खुर्च्या भरल्या, जुने कामगार आले, अगदी पंपकाकाही आले, पिशवी घेऊन. साहेब आले. आता तेही थकले आहेत, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी कागद दिला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला.

"वनिताबाई, अक्षर दिसत नाही हो. मोठं करून आणता?"

मी धावत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. भाषण मोबाइलमध्ये होतं. दुकानदाराला पाठवलं, "अक्षर मोठं करा, लवकर द्या" म्हटलं. त्याने लवकर दिलं. पानं अजून कोमट होती. मी फक्त पानांचा क्रम बघितला, अक्षर खरंच मोठं आलंय ना ते बघितलं आणि धावत परत आले. साहेब मंचावर चढत होते. त्यांच्या हातात पानं दिली, भिंतीशी उभी राहिले आणि वेळेत जमलं म्हणून पदराने घाम पुसला.

साहेबांनी सुरुवात केली.

"मालतीबाई आमच्या कंपनीत आल्या तेव्हा कंपनी म्हणजे एक पत्र्याची शेड होती. इथं थांबा. घोटभर पाणी प्या."

मला आधी वाटलं, मला भास झाला.

"शेडमध्ये एक टेबल होतं, एक टाइपरायटर होता आणि त्यामागे मालतीबाई होत्या. चष्मा काढा. कोणी पळून नाही जाऊन राहिलं, सावकाश."

दुकानदाराने काळ्या शाईत छापलं होतं. सगळं काळं. कागदावर रंग असता तर तो साहेबांना दिसला असता, पण रंगच नव्हता. इतकी वर्षं त्यांनी काळं ते बिनविचार वाचलं होतं, आजही वाचत होते. सभागृहात कुजबुज सुरू झाली. मंचाकडे धावावं तर सगळ्यांना कळणार, न धावावं तर पुढच्या पानावर आणखी आठ-दहा ओळी तशाच बसलेल्या. ताई गेल्या त्याला पंधरवडाही झाला नव्हता, आणि त्यांनी आयुष्यभर जपलेली गोष्ट मी माइकवर आणून ठेवली होती. साहेबांची लाज, आपली इमानदारी. दोन्ही माझ्या हातून.

"त्या कधी खोटं बोलल्या नाहीत," साहेब वाचत होते. "पहिल्या रांगेत त्यांचे यजमान आहेत. त्यांच्याकडं पाहा. मान डोलवू नका, म्हाताऱ्यासारखं दिसते."

इथे साहेब थांबले. कागदावरून नव्हे, स्वतःच. त्यांनी पान डोळ्यांशी नेलं. मागचं पान उलटून पाहिलं. मग मान वर करून सभागृहात मला शोधलं.

"वनिताबाई," ते माइकवर म्हणाले, "हे सगळं काळं आहे."

मी मान हलवली.

साहेबांनी चष्मा काढला. तसं त्या ठिकाणी कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"मंडळी," ते म्हणाले, "आता मी जे वाचलं त्यातलं अर्धं वाचायचं नव्हतं. ते लाल असतं. मी कुठे थांबायचं, कुठे बघायचं, हे बाई मला लाल अक्षरांत लिहून देत. मी विचार करून बोलतो असं तुम्ही सगळे म्हणता. तो विचार बाई आदल्या दिवशीच करून ठेवायच्या. त्यांनी हे कधी कोणाला कळू दिलं नाही, आणि मीही दिलं नाही. मला ते सोयीचं होतं." मग त्यांनी चष्मा परत लावला. "लाल मी आजवर कधी वाचून दाखवलं नाही. आज दाखवतो."

आणि त्यांनी पुढचं सगळं वाचलं. काळंही आणि लालही, एकेक ओळ, अजिबात घाई न करता. ताईंच्या कामाबद्दल दोन वाक्यं, मग 'खोकू नका, खोकला आला नाही तुम्हाले, भीती आली आहे.' ताईंच्या तिखटाबद्दल एक वाक्य, मग 'इथं लोक हसतील. हसू द्या. तुम्ही नका हसू, तुम्हाले मधूनच हसता नाही येत.' जुने कामगार आता उघडच हसत होते आणि डोळे पुसत होते. तो आवाज साहेबांचा होता, पण बोलत ताई होत्या. सभागृहातल्या प्रत्येकाला कधी ना कधी त्या दाराबाहेर अशाच आवाजात ऐकवलं गेलं होतं.

आणि पहिल्या रांगेतून एक हसू आलं, सगळ्यांपेक्षा मोठं. मी बघितलं तर भाऊजी. एका हाताने ओवीचा खांदा धरून, पंख्याखाली, मागेपुढे होत हसत होते. ओवी रडत होती आणि त्यांना आवरत होती. ते आवरत नव्हते.

शेवटची ओळ साहेबांनी वाचली: "आता खाली बसा. टाळ्यांची वाट नका पाहू, शोकसभा हाये."

साहेब खाली बसले. टाळ्या पडल्याच.

सभेनंतर चहा होता. मी साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. "बरं झालं," ते म्हणाले. "फार हलकं वाटतंय हो मला. ती पानं फाडू नका. यजमानांना द्या."

ती पानं घेऊन मी भाऊजींकडे गेले. ते खिडकीशी बसले होते. पुढ्यात चहाचा कप तसाच. मला बघितल्यावर, ताई गेल्यापासून पहिल्यांदा, ते आपण होऊन बोलले.

"वनिताबाई, मले वाटे, तो साहेब हिले दिवसभर हुकूम देते."

"हो भाऊजी. तुम्ही म्हणायचे."

"आन् हीच देत होती त्याले!"

"हो."

"सारी जिंदगी?"

"हो."

ते पुन्हा हसायला लागले, आता हळू. "म्हणजे तिथंबी तिचंच चालत होतं. मी उगाच त्या माणसाले शिव्या घालत बसलो." मग बराच वेळ पानांवरून बोट फिरवत राहिले, भिंग न लावता, घड्याळ नसलेल्या वस्तूकडे त्यांना इतकं निरखून बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. "बरं झालं बाप्पा," ते म्हणाले. "लय बरं झालं. मले वाटे, दबून दबून गेली बिचारी."

ताईंना दिलेला शब्द मोडला होता. दुःख व्हायला हवं होतं. झालं नाही. लाल ओळींचं कळल्यापासून भाऊजींसमोर चहाच्या कपात बघत बसणारी मी, त्या दिवशी पहिल्यांदा सरळ त्यांच्या तोंडाकडे बघू शकले. ताई असत्या तर मला फाडून खाल्लं असतं. पण मग त्यांनी भाऊजींकडे बघितलं असतं, आणि मला वाटतं, त्याही चूप बसल्या असत्या.

भाऊजींच्या पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

"भाऊजी, चहा घ्या," मी म्हणाले. "गार होऊन राहिला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हे काळं हाये का लाल?"

"लाल," मी म्हणाले.

त्यांनी कप उचलला आणि चहा प्यायला.